आमचं घर मोठं आहे

पाच देशांची शिष्टमंडळं दारात अडकून पडली होती आणि ओयदिन हात धुवायच्या पाण्याची झारी घेऊन ताटकळत उभी होती.

दार काही अरुंद नव्हतं. कोकबुलाकच्या सरकारी विश्रामगृहाचं ते दार. दोन्ही फळ्या उघडल्या की उंट सामानासकट आत गेला असता. पण आधी आत कोणी जायचं, हे काही केल्या ठरत नव्हतं.

"व्हा ना पुढं," कझाक मंडळींचे प्रमुख दाउलेतबाबा म्हणाले. पांढरी दाढी, दुखरे गुडघे, हातात काठी.

"छे, छे. वयानं थोर तुम्ही," राजधानीहून आलेले उपमंत्री सैफिद्दीन साहेब छातीवर हात ठेवून वाकले. यजमान तेच होते.

"वयाचं काय, ते रोजच वाढतं. घर तुमचं आहे."

"घर आमचं म्हणूनच तर. पाहुण्याच्या आधी आत पाऊल टाकलं तर माझी आई कबरीतून उठून कान धरेल."

मागं ताजिक, किर्गिझ आणि तुर्कमेन मंडळी एकमेकांच्या कोपराला हात लावून एकमेकांना अदबीनं पुढं सारत होती आणि कोणीच जागचं हलत नव्हतं. सकाळची वेळ, तरी फरशी तापायला लागली होती. ओयदिनच्या हातातली झारी जड झाली होती. प्रांत कार्यालयाच्या शिष्टाचार विभागात ती कामाला होती. विभाग म्हणजे ती स्वतः, एक कपाट आणि कपाटात घड्या घातलेले शेजारी देशांचे झेंडे. कॉलेजात तिनं आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला होता. त्यातलं इतक्या वर्षांत एकच कामाला आलं होतं, कुठला झेंडा कुठल्या बाजूनं वर.

खिशातला फोन थरथरला. सासू.

"पोरीचा ताप उतरला?" ओयदिननं खांबाआड होऊन विचारलं.

"आहे तेवढाच. तळपायांना कांदा चोळलाय."

"ओयी, कांदा नको. डॉक्टरांनी दिलेलं औषध फ्रिजच्या दारात आहे, तेच द्या."

"तुझा नवरा कांद्यावरच वाढला. आता परदेशात, समारामध्ये, दहा मजली इमारती बांधतोय." सासूनं श्वास घेतला. "आणि काय गं, तुम्ही सगळे अजून दारातच का उभे? टीव्हीवर दाखवतायत. तो काठीवाला म्हातारा पडेल बरं का."

शेवटी त्या काठीवाल्यानंच सुटका केली. "गुडघा ऐकत नाही," असं म्हणून ते आत शिरले, आणि बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकत त्यांच्या मागोमाग.

बैठक ज्यासाठी होती ते लोक नदीच्या काठावर, लहान मुलांच्या जुन्या सुट्टी शिबिराच्या आवारात राहत होते. आमू नदीच्या पलीकडं, अफगाण मुलखात, लढाई पेटली तशी माणसं पुलावरून यायला लागली. पहिल्या आठवड्यात पूल उघडा होता, मग बंद झाला. आत आलेल्यांना 'तात्पुरतं' ठेवून घेतलं होतं, कोणी किती घ्यायचे हे शेजारचे देश मिळून ठरवीपर्यंत. आणि ठरलं नाही, तर सोमवारी सकाळी बस येणार होत्या. बस कुठं नेणार हे कुठल्याच पत्रात लिहिलेलं नव्हतं. पण शिबिरापासून रस्ता दोनच दिशांना जातो. एक बाजार, दुसरा पूल. बाजारात न्यायला कोणी बस मागवत नाही.

आज शनिवार होता.

आत बैठकीत सैफिद्दीन साहेब बोलत होते. "ह्या प्रदेशात पुढाकार घ्यायची वेळ आली आहे, आणि तो आम्ही घेत आहोत." मग ताजिक प्रमुख म्हणाले, की पुढाकाराचं स्वागत आहे, आमची तर हद्दच केवढी लांब, आधीच किती ओझं. किर्गिझ प्रमुख म्हणाले, स्वागत आहे, पण आमचे डोंगर, आमचा हिवाळा. तुर्कमेन प्रमुख म्हणाले, स्वागत आहे. एवढंच. दाउलेतबाबांनी चहा मागितला.

ओयदिन भिंतीला टेकून उभी होती. पुढाकार हा शब्द तिनं इतक्यांदा ऐकला, की त्याचा अर्थच गळून पडला. तिच्या घरी पुढाकार म्हणजे रात्री पोर रडलं की आधी कोण उठतं. इथं सगळे डोळे मिटून पडले होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता, अहो, तुम्ही किती छान उठता.

मधल्या सुट्टीत तिचे साहेब तुर्दीकुल अका तिच्याकडं आले. प्रांताचे उपप्रमुख, पण सगळे त्यांना अका, म्हणजे दादा, म्हणायचे. पोट सुटलेलं, मन चांगलं, आणि कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली की चष्मा घरी विसरलेला.

"ओयदिन, पोरी, जेवणाच्या वेळी एक लहान मुलगी हवी. शिबिरातली. स्वच्छ फ्रॉक घालून साहेबांना फुलं देईल अशी."

"अका, त्या मुलांचे कपडे धुवायलासुद्धा पाणी नाही. मी गेल्या मंगळवारपासून टँकर मागतेय."

"फुलं मी मागवलीत."

"पाणी, अका."

"फुलं आलीसुद्धा," तुर्दीकुल अका मऊपणे म्हणाले आणि समोशांच्या टेबलाकडं वळले.

ती पायी निघाली. शिबिर दूर नव्हतं. वाटेत चांभार रुस्तमोव फाटकात बसला होता.

"या, ओयदिनखोन, आत या. चहा घ्या, जेवून जा."

"रहमत, अका. पुन्हा कधीतरी."

तिनं पाऊल हळूसुद्धा केलं नाही. चुलीवर चहा नव्हता हे त्यालाही ठाऊक होतं, तिलाही. रस्त्यानं जाणाऱ्याला आत बोलवायचं आणि जाणाऱ्यानं आभार मानून पुढं जायचं, हे इथं मूल बोलायला लागल्यापासून शिकतं. खरंच आत जायचं असेल तर तिसऱ्या बोलावण्याची वाट बघावी लागते. पहिल्याच हाकेला ती आत वळली असती तर बिचाऱ्याची बायको हादरली असती आणि शेजारणीकडं नान उसने मागायला पळाली असती.

शिबिराच्या भिंतींवर अस्वलं आणि ससे रंगवलेले होते, रंग उडालेला. लोखंडी खाटा दहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या, त्यामुळं दुपारी डुलकी घेणाऱ्या पुरुषांचे पाय खाटेबाहेर लोंबत होते. हात धुवायच्या बेसिनांची रांग गुडघ्याइतक्या उंचीवर. तिथं शुक्रिया वाकून एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून घेत होती.

शुक्रियाचं पलीकडच्या शहरात ब्यूटी पार्लर होतं. दुकानाच्या काचेवरच्या चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावर काळा रंग फासला गेला त्या दिवशी ती मुलीला घेऊन निघाली. नवरा गाडीची सोय करून मागून येणार होता. त्याचा फोन लागत नव्हता. ओयदिनची आई ताजिक बोलणारी, शुक्रियाची भाषाही तीच, त्यामुळं दोघींचं एकमेकींशी जमायचं. जमायचं म्हणजे भांडण तरी नीट करता यायचं.

"फुलं," शुक्रिया म्हणाली. "माझ्या मुलीनं फुलं द्यायची."

"मला सांगितलंय म्हणून विचारतेय. नाही म्हण, मी तसं कळवते."

"सोमवारी तिला पुलावर पाठवणारे हेच का?"

"तेच ठरवतायत."

"सकाळपासून ठरवतायत. तुमच्या लोकांना जेवायला किती वेळ लागतो गं?"

"अजून जेवायला बसलेसुद्धा नाहीत," ओयदिन म्हणाली. "दारातच बराच वेळ गेला."

शुक्रियानं तिच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा थोडी हसली. मग हसू पुसून म्हणाली, "दुकान माझ्या नावावर होतं. तिकडं भिंतींवर अशा बायकांची नावं लावलीत. मला परत पाठवलं ना, तर पुलाच्या त्या टोकापर्यंतच मी तुला दिसेन. पुढं नाही. हे तुझ्या साहेबांना पुलाव वाढताना सांग."

तिची मुलगी ससाण्याच्या नजरेनं ओयदिनच्या बॅगेकडं बघत होती. नाक वाहत होतं. ओयदिननं बिस्किटाचा पुडा काढून दिला, आणि देताना मुलीच्या बोटांना हात लागू नये म्हणून पुडा टोकाला धरला. घरी तिच्या स्वतःच्या लेकीला, झियोदाला, ताप होता. आपण हे शिबिर कपड्यांवरून घरी नेतोय की काय, ह्या धास्तीनं ती रोज अंगणातच बाहेरचे कपडे काढायची. शुक्रियानं ते धरणं बघितलं. ओयदिनला स्वतःचाच वैताग आला. पण हात तसाच राहिला.

फुलं शेवटी तुर्दीकुल अकांच्या भाचीनं दिली. अफगाण टोपी घालून.

दुपारी पुलाव आला. मोठ्या निळ्या ताटांत, वर मटणाचे तुकडे आणि अख्खे लसूण. आता पुन्हा कोण कुठं बसायचं ह्याचा घोळ झाला, कारण दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची आणि ती कोणीच घेईना. ओयदिन प्रत्येकाची चहाची पियाली अर्धीच भरत होती. पूर्ण भरली तर पाहुण्याला निघा म्हटल्यासारखं होतं. आज मात्र तिला सगळ्यांच्या पियाल्या काठोकाठ भराव्याशा वाटत होत्या.

जेवण संपत आलं, टीव्हीवाल्यानं कॅमेरा खांद्यावर घेतला आणि सैफिद्दीन साहेब उभे राहिले. पोट भरलेलं, चेहरा लालबुंद. शेजाऱ्यांकडं त्यांनी प्रेमानं पाहिलं.

"भावांनो," ते म्हणाले, "सकाळपासून आपण बोलतोय, कोणी किती घ्यायचे. मला लाज वाटते. दारात आलेल्याची मोजदाद करतात का? तुम्ही कशाला त्रास घेता? कोणीही त्रास घेऊ नका. सगळे आमच्याकडंच राहू देत. आमचं घर मोठं आहे."

ओयदिनच्या हातातली किटली हवेतच थांबली.

तिला लगेच कळलं, साहेबांनी काय केलं ते. ते फाटकात उभे राहून 'या, चहा घ्या' म्हणाले होते. आता ताजिक प्रमुखांनी म्हणायचं, असं कसं, थोडे तरी आम्हाला द्या. मग किर्गिझांनी म्हणायचं, आम्ही काय परके? साहेबांनी पुन्हा नको म्हणायचं, त्यांनी पुन्हा हट्ट धरायचा, आणि तिसऱ्या खेपेला, डोळ्यांत पाणी वगैरे आणून, साहेबांनी प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं जाऊ द्यायची. शेजाऱ्यांचं मन राहिलं, पुढाकारही घेतला. राजधानीतून ठरवूनच आणलेलं असणार. चांगलंच होतं, खरं तर. फक्त समोरच्यानंही आपलं वाक्य म्हणायला हवं होतं.

ताजिक प्रमुखांनी तोंड उघडलं.

पण शब्द बाहेर पडायच्या आधी दाउलेतबाबांनी उजवा हात छातीवर ठेवला. "रहमत," ते म्हणाले. "मोठं मन आहे तुमचं. अल्लाह तुमच्या घरात बरकत देवो."

आणि त्यांनी दोन्ही तळहात वर केले.

वडीलधाऱ्यानं जेवणाच्या शेवटी हात उचलले की बाकीच्यांचे हात आपोआप उचलले जातात. त्यात विचार करायला वेळ नसतो. ताजिकांचे उचलले गेले. किर्गिझांचे, तुर्कमेनांचे. तुर्दीकुल अकांचे, हाडूक चोखत असतानाच. कॅमेऱ्यावाल्यानं एक हात उचलला. आणि सैफिद्दीन साहेबांचे दोन्ही हात, चेहऱ्यावर 'थांबा' असा भाव असताना, त्यांना न विचारता वर गेले.

"ओमिन," म्हातारबाबा म्हणाले.

"ओमिन," सगळे म्हणाले, आणि तळहात चेहऱ्यावरून खाली ओढले.

झालं. जेवणासाठी अंथरलेला दस्तरखान गुंडाळला गेला. ह्यानंतर कोणी विषय काढला असता तर ते ताटात थुंकण्यासारखं झालं असतं.

निघताना दाउलेतबाबा ओयदिनजवळ थांबले. "पोरी, पुलाव छान होता. थोडा लसूण बांधून दे." तिनं दिला. ते लबाड होते की नुसते दमलेले, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या गाडीत बसायच्या घाईवरून तिला थोडा अंदाज आला.

रविवारचा दिवस फोनवर गेला.

"जेवताना बोललेलं कोणी धरतं का?" सैफिद्दीन साहेब राजधानीतून म्हणाले. तुर्दीकुल अकांनी फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता, आपल्याला ऐकू कमी येतं असं सांगून. म्हणजे ऐकायला साक्षीदार असावा.

"मग बस येऊ देत का, साहेब?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग थांबवू?"

"तेही म्हटलेलं नाही. प्रांतानं परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घ्यावा. तुम्ही जागेवर आहात."

"असं कसं, साहेब. तुम्ही मोठे. तुम्ही सांगाल ते."

"छे, छे. तुम्हाला जास्त कळतं."

ओयदिन समोर बसून ऐकत होती. हे पुन्हा दारातच आलेत, तिच्या मनात आलं, आणि तिला ओरडावंसं वाटलं. फोन बंद झाल्यावर तुर्दीकुल अकांनी चष्मा काढून पुसला.

"तर मग," ते म्हणाले, "सोमवारी सकाळी शिबिरात कोणीतरी असायला हवं. तू जा."

"मी काय करू तिथं?"

"परिस्थिती पाहा."

"आणि?"

"योग्य तो निर्णय," अका म्हणाले, आणि त्यांनाच ते ऐकून कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

तिकडं गावानं टीव्ही बघितला होता. संध्याकाळी वाळूचा वारा सुटला तरी शिबिराच्या फाटकाशी हातगाड्या लागल्या. गावात लग्न असलं, मयत झालं की बायका पातेली आणि रजया घेऊन निघतात, तशाच निघाल्या होत्या. सगळ्यांत पुढं ओयदिनची सासू, कडेवर झियोदा, डोक्यावर दोन गाद्या.

"ओयी, हिला का आणलंत? ताप आहे ना तिला."

"ताप दुपारीच उतरला. कांद्यानं." सासूनं गाद्या खाली टाकल्या. "आणि मी काय घरी बसू? मंत्री म्हणाला, सगळे राहतील. ओमिन झालं. आता रजया कोण देणार, मंत्री? त्याच्याकडं एवढी माणसं उतरली असती ना, तर तो मागच्या दारानं पळाला असता." तिनं आवारावरून नजर फिरवली. "किती घाण ठेवलीय. ती कोण, पाणी गाळतेय ती? फडकं उलटं धरलंय तिनं."

ओयदिनला सांगायचं होतं, की अजून काही ठरलेलं नाही, मंत्र्यानं शब्द मागं घेतलाय, घेतला असं म्हटलेलं नाही, नाही घेतला असंही नाही. हे कसं सांगायचं? ती म्हणाली, "ओयी, झियोदाला त्या मुलांच्या फार जवळ नेऊ नका."

सासूनं झियोदाला खाली सोडलं. ती सरळ शुक्रियाच्या मुलीकडं गेली आणि तिच्या हातातलं अर्धं बिस्किट हिसकावून खाऊन टाकलं. ओयदिन धावली, पोचेपर्यंत गिळलंसुद्धा होतं. शुक्रिया हे बघत होती.

"मरणार नाही ती," शुक्रिया म्हणाली.

"मला ठाऊक आहे."

"तोंडावरून वाटत नाही."

सोमवारी सकाळी बस आल्या. कोणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं, म्हणून आल्या. जुन्या निळ्या बस, एकामागं एक, फाटकापासून चांभाराच्या दुकानापर्यंत. बाया गाठोडी बांधायला लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं, तरी बांधायला लागल्या. शुक्रियानं मुलीला कडेवर घेतलं आणि ससे रंगवलेल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रडत नव्हती. फक्त ओयदिनकडं बघत होती.

पहिल्या बसचा चालक खाली उतरला. "कोणाशी बोलायचं?"

तुर्दीकुल अका आले होते. आपल्या गाडीत बसून होते, काच वर. ओयदिननं काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

"अका, सांगा ह्यांना."

"राजधानीला विचारलंय मी. उत्तर यायचंय."

"कधी येईल?"

"तू शिकलेली आहेस. तुला जे वाटेल ते..."

"मला वाटेल ते तुमच्या नावानं सांगू?"

काच वर गेली.

ओयदिन उन्हात उभी राहिली. नोकरी गेली तर काय, हा हिशोब तिनं आदल्या रात्री मनात केला होता आणि तो कुठल्याच बाजूनं जुळला नव्हता. समाराहून पैसे येतात, पण दर महिन्याला येतातच असं नाही. झियोदाच्या औषधांचं, घराच्या छपराचं. तिच्यासारख्या बाईनं अशा वेळी गप्प उभं राहायचं असतं. गप्प उभं राहिलं की बस भरतात, आणि कोणीच काही केलेलं नसतं. तेवढंच तर करायचं होतं. काहीच नाही.

"बाई, इंजिन चालू आहे," चालक म्हणाला. "डिझेल जातंय."

"बंद करा," ओयदिन म्हणाली. "नाही, बंद नका करू. परत न्या."

"रिकाम्या?"

"रिकाम्या."

"कोणाचा हुकूम? मला वर सांगायला लागेल."

"उपमंत्री सैफिद्दीन साहेबांचा. शनिवारी दिला. सगळ्या गावानं टीव्हीवर बघितला, तुम्ही नाही बघितला?"

चालकानं डोकं खाजवलं. "ते पुलावाच्या वेळचं?"

"तेच. आमचं घर मोठं आहे म्हणाले. आणि चार देश साक्षीला होते. तुम्हाला त्यांना विचारायचं असेल तर नंबर देते."

चालकानं अकांच्या गाडीकडं पाहिलं. काच बंद, आतला माणूस फोनमध्ये मान घालून. तेवढ्यावरून त्याला कळायचं ते कळलं. इथल्या माणसाला बंद काच वाचता येते. तो बसमध्ये चढला.

बस वळवायला वेळ लागला, कारण रस्ता अरुंद आणि चालकांमध्ये आधी कोणी वळायचं ह्यावरून बोलाचाली. ओयदिन गुडघ्याएवढ्या बेसिनाच्या कठड्यावर बसली.

दुपारी सैफिद्दीन साहेबांचा फोन थेट तिला आला. तिनं उठून उभं राहूनच तो घेतला.

"बस तुम्ही परत पाठवल्यात?"

"हो, साहेब."

"कोणाच्या अधिकारात?"

"तुमच्या, साहेब."

पलीकडं कागदांची सळसळ. "शेजाऱ्यांची वर्तमानपत्रं बघितलीत?" ते शेवटी म्हणाले. आवाज बदललेला होता. "आमच्या पुढाकाराबद्दल चांगलं लिहिलंय. कझाकांनी तर पहिल्या पानावर. उद्या कॅमेरा पाठवतो. मुलं खेळताना वगैरे. आणि तुम्ही, हे जे केलंत, ह्याबद्दल तुमच्याशी वेगळं बोलावं लागेल."

"बोला, साहेब. येताना पाण्याचे टँकर पाठवा. कॅमेऱ्यात धूळ दिसेल."

"बघतो," साहेब म्हणाले, आणि फोन बंद झाला. 'बघतो' म्हणजे काय ते ओयदिनला ठाऊक होतं. वेगळं बोलावं लागेल म्हणजे काय, तेही.

आवारात सासू शुक्रियाला कणीक मळायला शिकवत होती आणि शुक्रिया तिला ताजिकमध्ये सांगत होती, की मी वीस वर्षं मळतेय. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. भांडण मात्र अगदी रंगात आलं होतं. ओयदिन जवळ आली तशी शुक्रियानं पिठाचे हात झटकले.

"मग आम्ही राहायचं?"

"राहा."

"किती दिवस?"

"ते विचारू नकोस," ओयदिन म्हणाली. "विचारलंस तर पुन्हा बैठक बोलावतील."